गणेश देवींनी विद्यापीठ सोडायला नको होतं

जुनी_वही (धागालेखक):
गणेश देवी मूळचे भोरचे, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. 1992 साली त्यांचं 'आफ्टर ॲम्नेशिया' हे समीक्षेवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यातलं म्हणणं रोखठोक: आपली समीक्षा एक तर संस्कृत काव्यशास्त्राचा हात धरते, नाहीतर पाश्चात्त्यांचा, मधल्या शतकांत देशी भाषांनी जे घडवलं ते ती विसरून बसली आहे. मराठीतच बघा, भरतमुनी आणि ॲरिस्टॉटल तोंडपाठ, आणि महानुभावांचं गद्य इतिहासाच्या पेपरापुरतं. एवढं मांडून 1996 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे गुजरातेत तेजगढला आदिवासी अकादमी उभारली. काम मोठंच आहे. पण समीक्षेचं बांधकाम जोत्यावरच राहिलं.

पाणवठा:
साफ असहमत. 1961 च्या जनगणनेत 1652 मातृभाषा होत्या. 1971 ला दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा यादीतून गाळल्या, उरल्या 108. लिपी नाही म्हणजे साहित्य नाही, असं मानणाऱ्या विद्यापीठाच्या विभागात बसून राठवा आदिवासींच्या गाण्यांचं काय होणार होतं? देवींनी 2010 पासून भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण केलं, 780 भाषा नोंदवल्या. अरुण जाखडे यांनी संपादलेला महाराष्ट्राचा खंड उघडून बघा: गाणी, गोष्टी, नात्यांचे आणि रंगांचे शब्द. विसरलेलं आठवायचं ते असंच.

जुनी_वही:
नोंद म्हणजे समीक्षा नव्हे हो. नेमाडे औरंगाबाद, गोवा, मुंबई असे शिकवत राहिले, म्हणून साहित्य आपल्याच मातीत रुजलेलं हवं म्हणणाऱ्या त्यांच्या देशीवादावर आजही वर्गावर्गांत भांडणं होतात. देवींच्या मांडणीवर मराठीत असं कोण भांडतं?

चांदवड_नाका:
तुम्ही दोघं पुस्तकांतच अडकलात. 1998 मध्ये बंगालमध्ये बुधन शबर पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी देवी, महाश्वेतादेवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांसाठी कृती गट काढला. अहमदाबादच्या छारानगरातली, छारा या विमुक्त जमातीची पोरं त्याच्यावरचं 'बुधन' नाटक करायला लागली. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने ज्यांच्या आजे-पणज्यांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, ती पोरं स्वतःची ओळख स्वतः सांगू लागली. सांस्कृतिक अस्मिता म्हणतात ती आणखी कुठे असते?

जुनी_वही:
छारानगरचं शंभर टक्के मान्य. पण 'बुधन'सारख्या नाटकाला कोणते निकष लावायचे, हे लिहायला देवींइतका तयारीचा माणूस दुसरा नव्हता. ते पुस्तक मला अजून हवं आहे.