मदत हवी आहे: केमोनंतर जुलाब, ताक द्यावं का?

खानापूरकर: बाबा ६४ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. बेळगावात फॉलफिरी (केमोच्या औषधांचा एक संच) चालू आहे, दर १४ दिवसांनी. दुसऱ्या सायकलनंतर सहाव्या दिवसापासून रोज नेहमीपेक्षा ७-८ वेळा जास्त, पाण्यासारखं होतंय. ताप नाही, रक्त नाही. आज्जी म्हणते ताक घालून आंबील पाज. मेडिकलवाला प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल, देतोय. यात पोटातल्या जिवाणूंचा हात असतो म्हणे, तो कसा?

गोळीवाला: नेहमीपेक्षा ७ किंवा जास्त वेळा म्हणजे ग्रेड ३, गंभीर. आधी डॉक्टरांना फोन लावा, बाकीचं नंतर वाचा.

फॉलफिरीत इरिनोटेकॅन असतं. शरीरात त्याचं एसएन-३८ होतं, तेच कॅन्सरच्या पेशी मारतं. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून निकामी करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुक्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते ही जोड तोडतं, औषध परत जागं होतं आणि आतड्याचं अस्तर सोलतं. मग जिवाणूच मारू म्हणून मनानं अँटिबायोटिक देऊ नका: अस्तराला पोसणारेही मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाब करणारा जिवाणू माजतो.

या जुलाबांवर लोपेरामाइड: सुरुवातीला ४ मिग्रॅ, मग दर २ तासांनी २ मिग्रॅ, रात्री दर ४ तासांनी ४ मिग्रॅ, जुलाब थांबून १२ तास होईपर्यंत. ४८ तासांपुढे नाही. पाकिटावरच्यापेक्षा हा डोस मोठा आहे, म्हणून डॉक्टरांनी सांगितला तरच. ताप, रक्त किंवा पोटफुगी असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

लॅबवाली: ताकाचं उत्तर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत आहे. एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) टक्के किती?

खानापूरकर: कालचे. १८०० आणि २५.

लॅबवाली: १८०० चे २५ टक्के म्हणजे न्यूट्रोफिल ४५०. ५०० च्या खाली गेलंय, तेव्हा ताक, दही, प्रोबायोटिक सगळं बंद. अस्तर फाटलेलं, पहारेकरी पेशी नाहीत. कॅप्सूलमधला लॅक्टोबॅसिलस हा चांगला जिवाणूसुद्धा रक्तात उतरू शकतो. आंबील ताजी शिजवून गरम द्या, निवल्यावर वरून घालतात ते ताक तेवढं वगळा. दूधही नको, सोललेल्या अस्तराला लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही. (भेटायला येणारे दुधाचा कुंदा आणतीलच, तो तुम्हीच संपवा.)

ओआरएसचं १ लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवा. पेल्यात थोडं थोडं करू नका, मीठ जास्त होतं. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका.

गोळीवाला: न्यूट्रोफिल ४५० असताना ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर तासाभराचीही वाट बघायची नाही, शिरेतून अँटिबायोटिक लागतं. थर्मामीटर लावण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर अजिबात नाही.

खानापूरकर: फोन केला, लगेच आणा म्हणाले. फाईल आणि रिपोर्ट घेतलाय, निघालो.

लॅबवाली: गोळ्यांच्या पट्ट्याही घ्या की हो, किती संपल्या ते विचारतील.