मदत हवी आहे : ११० सीसी दुचाकीवर विजेवर तापणारे हातमोजे चालतील का?

कामानिमित्त मला आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला मेळघाटातल्या धारणीहून निघून सेमाडोहमार्गे परतवाड्याला जावे लागते. डिसेंबर-जानेवारीत घाटात बोटे इतकी बधिर होतात की क्लच दाबला की नाही हेच कळत नाही आणि सेमाडोहला थांबून चहाच्या पेल्याभोवती हात धरावे लागतात.

लोकरी हातमोज्यांवर रबरी हातमोजे, छातीशी वर्तमानपत्र आणि हँडलला रेक्झिनची कव्हरे हे सगळे करून झाले. कव्हरांनी वारा अडतो, पण ओल्या धुक्यात तीही गारठतात. चार्जिंगचे मोजे घेतले होते. ते जेमतेम तासभर टिकले.

आता गाडीच्या बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे मोजे घेण्याचा विचार आहे. जोडी ३० वॅटची, म्हणजे सुमारे अडीच अँपिअर. माझी बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवरची असून ३५ वॅटचा हॅलोजन दिवा इंजिन सुरू असेपर्यंत बंद करता येत नाही. घाटात गाडी बराच वेळ कमी आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) चालते आणि तेव्हा बॅटरी कमी चार्ज होते, ही खरी धास्ती आहे. रस्त्यात बॅटरी उतरली तर किक आहे, पण जंगलात मेकॅनिक नाही.

एवढ्या भाराने बॅटरी हळूहळू उतरेल का, हे मल्टिमीटरने कोणत्या आरपीएमला आणि किती व्होल्टवर तपासावे? फ्यूज लावून वायर थेट बॅटरीवरून घ्यावी की चावीबरोबर बंद होणाऱ्या रिलेमधून? शिवाय, मोज्यांऐवजी तापणारे जाकीट घेतल्यास अंग उबदार राहून बोटांनाही पुरेशी ऊब मिळते, असा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?