पेव्हनींचा विनोदी हात

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचे दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी यांच्यावरच्या या चर्चेत सगळ्यांनी त्यांच्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या गंभीर भागाबद्दल भरभरून लिहिलंय, ते रास्तच. पण 'स्टार ट्रेक'मधला त्यांचा हात फक्त गंभीर भागांपुरता नव्हता हो! 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' (1967) हा भाग पुन्हा बघा. धान्याच्या कोठाराचं दार उघडतं आणि ट्रिबल्सचा, म्हणजे केसाळ गोळ्यांसारख्या प्राण्यांचा, ढीग कॅप्टन कर्कच्या अंगावर कोसळतो. खरी गंमत त्यानंतर. तो छातीपर्यंत बुडालेला, चेहरा वैतागलेला, बोलणं चालूच. आणि वरून मध्येच एखादा ट्रिबल टपकन डोक्यावर. कॅमेऱ्याबाहेरून सेटवरची मंडळी ते टाकत होती. कर्क झालेला विल्यम शॅटनर जराही हसत नाही, म्हणून आपण हसतो.

पेव्हनी मुळात नट. 'बॉडी अँड सोल' (1947) या चित्रपटात त्यांनी कामही केलंय. नटाला नेमकी कुठे ढील द्यायची ही जाण तिथूनच आली असावी, असा माझा अंदाज. त्यांच्याच 'अरीना' या भागातला रबरी गॉर्न, म्हणजे सरड्यासारखा परग्रहवासी, आज हास्यास्पद वाटतो, कबूल. पण कॅलिफोर्नियातल्या व्हास्क्वेझ रॉक्सच्या त्या तिरक्या कड्यांमुळे लढाई अजूनही जमते.

पेव्हनी 2008 मध्ये गेले, वय 96. आणि 'द डेव्हिल इन द डार्क' पण त्यांचाच की! त्यातल्या हॉर्टा या दगडासारख्या जीवावर कोणीच कसं लिहिलं नाही अजून?