विश्वामित्री खोल करून पूर थांबेल?

रावपुरेकर
ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी २५. मग २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद करायला यंत्रं उतरली. माझ्या मते दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे. पावागडाहून येणारी ही नदी वळणं घेत, कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, पसरत वाहणारी. जास्तीचं पाणी कोतरं धरून ठेवायची. ती आपण भराव टाकून बुजवली, वर सोसायट्या उभ्या केल्या. आता पाणी घरातच येणार.

समाकर
माझ्या घरात आलं होतं. आईला तीन दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे ठेवलं, तिची औषधं खाली भिजून गेली. कोतरं मोकळी करायची तर घरं कोणाची पाडायची? आयुष्यभराची पुंजी घालून, मंजूर नकाशा बघून फ्लॅट घेतला त्यांची? पात्रातला गाळ, राडारोडा काढलाच पाहिजे.

रावपुरेकर
राडारोडा काढा, दुमत नाही. काठ तासू नका. पाणी वेगाने पुढे ढकललं तर पुढे ती जिला मिळते त्या ढाढर नदीकाठच्या शेतकऱ्याने काय करायचं? आणि नदी फुगली की भूखी कांस, रूपारेल कांस (शहराचं पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले) उलट्या चढतात, हेही बघा.

समाकर
अहो, हा तर माझाच मुद्दा! नदीची पातळी उतरली तरच कांस वाहील ना?

काठावरची
मगरींचं कोणीच बोलत नाही. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. यंत्रं चालायचा हंगामही नेमका तोच. काठ तासला की अंडी गेली, बिळंही गेली. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी, शहराच्या मधोमध टिकून आहे, आणि पुरात रस्त्यावर दिसला की ‘मगर घुसली’ म्हणतो आपण!

दांडियाबाजार
आजवा तलाव विसरू नका. सयाजीराव महाराजांनी १८८५ मध्ये काम सुरू केलं ते शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून. आज मुसळधार पावसात आजव्याचं पाणी नदीत सुटलं की धडधडतं. पावसाआधी तलावाची पातळी किती ठेवायची, हे आधी ठरवा.

समाकर
आजव्याचं पटलं. मगरीशीही वैर नाही, पण आजारी म्हातारं माणूस घरात असलं की आधी तेच दिसतं. आमच्या सोसायटीमागे एक कोतर अर्धं शिल्लक आहे. रात्री मातीचे डंपर येतात. ते थांबवायला अर्ज करत असाल तर माझी सही घ्या. नदी खणण्याबद्दलचं मत मात्र तेच आहे.