जळगावात फ्लॅट घ्यावा की रो हाऊस? घरात एकमत होत नाहीये

अमळनेरकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं जळगावात भाड्याने राहतोय, आता स्वतःचं घर घ्यायचं नक्की केलंय पण घरातच दोन बाजू पडल्यात. बायकोला महाबळकडचा एक 2 बीएचके आवडलाय, तिसरा मजला, वर अजून दोन मजले, लिफ्ट आहे, तिची शाळा तिथून जवळ. 42 लाख सांगतात, बांधकाम चालू आहे, पुढच्या दिवाळीला ताबा देऊ म्हणतात. ब्रोशरवर 1100 फूट छापलंय आणि खोदून विचारल्यावर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) 740 निघालं.

नाना (वडील) गावची शेती बटाईने देऊन आता आमच्याकडेच येणार आहेत. त्यांचं एकच म्हणणं, पायाखाली आपली जमीन पाहिजे, अधांतरी घर कशाला. त्यांच्यासाठी सावखेडा शिवाराकडे एक रो हाऊस पाहिलं, सहा घरांची लाईन आहे, मधलं घर, खाली हॉल किचन आणि एक छोटी खोली, वर दोन बेडरूम, 58 लाख. रंगकाम चालू आहे. कर्ज बसतंय पण ओढाताण होईल.

तिकडे आजूबाजूला नुसतं बांधकाम चालू आहे, परवापर्यंत जिथे कपाशी होती तिथे आता लेआउटचे दगड रोवलेत. उन्हाळ्यात घर कसं राहतं, पाण्याचं काय, भिंतींना तडे जातात का, हे तिकडे राहणाऱ्यांकडूनच कळेल म्हणून विचारतोय. ब्रोशरमधलं सांगू नका, ते पाठ झालंय.

---

साईटवरचा

भाऊ, मी बांधकामाच्या साईटवरच असतो म्हणून जमिनीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे घर बिघडतं ते खालून.

तू म्हणतोस ती कपाशीची जमीन म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तू पाहिल्याच असशील. घर बांधलं म्हणून माती हे करायचं थांबत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचार की फुटिंग (कॉलमखालचा पाया) कुठपर्यंत नेलं, मुरूम लागला का, आणि पाया खोदतानाचे फोटो आहेत का. चांगला बिल्डर फोटो दाखवतो, त्यात त्याला काही वाटत नाही. मोठ्या इमारतीला वजनच एवढं असतं की पाया खोल न्यावाच लागतो आणि डिझाईनवाला इंजिनिअरही असतो. रो हाऊसला मात्र दुमजली तर आहे म्हणून बरेच जण हात आखडता घेतात, तिथे बघायचं.

दुसरं जोत्यातली भरणी. खोदलेली काळी माती बाहेर टाकायला ट्रॅक्टरचा खर्च येतो म्हणून तीच परत जोत्यात ढकलून वर फरशी बसवतात. मग एक-दोन पावसाळ्यांनी हॉलच्या मधोमध फरशी वर येते आणि पायाखाली पोकळ वाजते. भरणी मुरमाचीच पाहिजे, पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून घट्ट केलेली.

तिसरं जे कोणी विचारत नाही ते म्हणजे संडासचं पाणी कुठे जातं. बाहेरच्या नव्या लेआउटमध्ये भुयारी गटार नसली तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. काळ्या मातीत पाणी मुरता मुरत नाही, ते पायाजवळच साचून राहतं, म्हणजे घराची एक बाजू बारा महिने ओली आणि दुसरी कोरडी. तडे तिथून सुरू होतात.

तड्यांचंही सांगतो. प्लास्टरवर केसासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नको, त्या भरता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला आणि खाली किंवा वर रुंद होत गेलेला तडा असेल तर मात्र ते घर सोड. रंगकाम चालू आहे म्हणतोस ना, मग पुट्टीचा दुसरा हात बसायच्या आत जाऊन बघ, नंतर काही दिसणार नाही.

---

भुसावळकर

पाया त्यांनी सांगितला, मी छप्पर सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे काही नवीन नाही. रो हाऊसच्या दोन्ही बेडरूम वर असतात म्हणजे थेट तापलेल्या स्लॅबखाली, दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ते खाली सोडतो. गावाकडच्या धाब्याच्या घरात जाड मातीमुळे दुपारीसुद्धा झोप लागायची, पाच इंची स्लॅबखाली ते होणार नाही ना भो. तुझा तिसरा मजला आहे, वर दोन मजले, म्हणजे तुझ्या डोक्यावर ऊनच नाही, ही त्या फ्लॅटची सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती ब्रोशरवर कोणी छापत नाही.

पण पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे ते बघ. आणि घर बघायला सकाळी जाऊ नको, दुपारी तीनला जा, भिंतीला हात लावून बघ.

रो हाऊसच घ्यायचं ठरलं तर गच्चीवर नीट कोबा आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करून घे. फरक पडतो.

---

मेहरूणची ताई

दादा मी फ्लॅटमध्येच राहते, मेहरूण भागात, चौथा मजला. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. रात्री एकटी असले तरी भीती नाही, खाली वॉचमन, सासूबाईंना सोबतीला शेजारच्या दोघी-तिघी आहेत, संध्याकाळी खाली बाकावर बसतात. नानांसाठी याचाही विचार करा, नवीन लेआउटमध्ये निम्मी घरं बंद असतात, तुम्ही दोघं कामावर गेलात की म्हातारं माणूस दिवसभर बोलणार कोणाशी?

आता अडचणी. कुलर. नव्या इमारतींना सगळीकडे स्लायडिंग खिडक्या, अर्धीच उघडते, त्यात कुलर बसत नाही. बाहेर अँगल ठोकायला गेलो तर सोसायटीवाले म्हणाले इमारतीचा लूक जातो. शेवटी बेडरूममध्ये एसी लावला आणि हॉलमध्ये कुलर आत ठेवला, आत ठेवला की खोली नुसती दमट होते, त्याला बाहेरची कोरडी हवा लागते. तुमचं काम चालू आहे ना, मग आत्ताच बिल्डरला सांगून एका खिडकीला कुलरची जागा, पाण्याची तोटी आणि बाहेरून स्टँड करून घ्या. आणि बोअरचं पाणी कुलरला घातलं तर गवतावर पांढरा थर बसतो, गवत लवकर बदलावं लागतं.

पाणी वाघूर धरणाचं येतं, रोज येत नाही पण खाली मोठी टाकी असल्यामुळे जाणवत नाही. टाकी किती लिटरची आणि किती फ्लॅट मिळून, ते विचाराच. तुमच्या रो हाऊसकडे मनपाचा नळ आलाय की नुसतं बोअर आहे? एप्रिलनंतर बोअरने दम सोडला की टँकर, आणि सहा घरांनी टँकरचे पैसे गोळा करणं म्हणजे रोजची कटकट.

शेवटचं म्हणजे गच्ची. आमच्याकडे बिल्डरने वरच्या मजल्यावाल्याला तोंडी सांगून टाकलं होतं की गच्ची तुमची. त्याने कुलूप लावलं. मार्चमध्ये बिबड्या, कुरडया घालायच्या कुठे? ज्वारी भिजवून, शिजवून पहाटे सगळ्या बायका पातेली घेऊन जिन्यात उभ्या आणि वर कुलूप! भांडून मिळाली, पण एग्रीमेंटमध्ये गच्ची सामाईक असं लिहिलेलं होतं म्हणून मिळाली. तुमचं एग्रीमेंट वाचून घ्या.

---

अमळनेरकर

ताई, कुलरचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बोलतो. रो हाऊसला सध्या बोअर आहे, नळ "येणार आहे" असं उत्तर मिळालं. अजून एक, रो हाऊसवाले म्हणतात आमची सहाच घरं आहेत म्हणून रेरा (बिल्डरला प्रकल्पाची सरकारी नोंदणी करायला लावणारा कायदा) लागत नाही. हे खरं का? आणि टॅक्स वगैरे धरून दोन्हीकडे वरचा खर्च किती येईल?

---

सातबारा

खरं आहे, पण अर्धं. जागा 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील तर महारेराची, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. मात्र त्यात सगळे टप्पे मिळून मोजायचे असतात. तोच बिल्डर त्याच लेआउटमध्ये शेजारी अजून सहा घरांची लाईन काढत असेल तर "आमची सहाच" हे चालत नाही. तिथे जाऊन आजूबाजूचे प्लॉट कोणाचे आहेत ते बघ.

नोंदणी नसली म्हणून घर वाईट असं नाही, पण मग तू काय गमावतोस ते माहीत असू दे. रेरात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. घेणाऱ्यांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. रजिस्टर एग्रीमेंट केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. फ्लॅटचा नंबर महारेराच्या साईटवर टाक, मंजूर नकाशा आणि पूर्ण करायची तारीख दोन्ही दिसतील, पुढची दिवाळी आणि ती तारीख जुळते का बघ. 1100 फुटांना काही अर्थ नाही, 740 कार्पेटवरच भाव काढ.

खर्च. फ्लॅटचं काम चालू आहे म्हणून जीएसटी लागेल, पण पार्किंग-बिर्किंग धरून 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असल्यामुळे 1 टक्काच, म्हणजे 42 हजार. रो हाऊसचा व्यवहार पूर्णत्वाचा दाखला यायच्या आत केला तर 5 टक्के, 2 लाख 90 हजार, आणि दाखला आल्यावर केला तर शून्य. रंगकामापर्यंत आलंय तर थांब ना. मुद्रांक शुल्क मनपा हद्दीत 6 टक्के, फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर 5, दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. नोंदणी 1 टक्का पण 30 हजारांच्या वर जात नाही. रो हाऊस मनपा हद्दीत येतं का तेही तपास.

रो हाऊसला बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी), चारही बघितल्याशिवाय टोकन देऊ नको. आणि नानांना सांग, फ्लॅटलाही जमिनीत हिस्सा असतो, अविभाज्य असतो एवढंच. उलट रो हाऊसच्या सातबाऱ्यावर तुझं नाव स्वतंत्र लागणार की सहा जणांचं सामाईक, हे त्यांनीच तलाठ्याकडे विचारावं, आयुष्यभर सातबारे वाचलेल्या माणसाला कोणी गुंडाळू शकत नाही.

---

देवपूरवाला, धुळे

नानासनं म्हननं खोटं नही शे भाऊ, मी रो हाऊसमध्ये राहतो आणि मला आवडतं. सकाळी दार उघडलं की अंगण, गाडी दारात, तुळस, कढीपत्ता, आई ओट्यावर बसते, येणारा-जाणारा थांबून बोलतो. लिफ्ट बंद पडली, मेंटेनन्स थकला ही भानगड नाही.

पण भिंत बघ. दोन घरांत एकच सामाईक भिंत आहे की दोघांच्या वेगळ्या? आमच्याकडे एकच आहे. शेजाऱ्यांनी वर खोली चढवली तेव्हा आमच्या बेडरूमला जोडावर फट पडली आणि पावसात त्यातून पाणी झिरपायला लागलं. त्यांनी परवानगी काढली होती, माणसंही चांगली, तरी व्हायचं ते झालंच. मधल्या घराला दोन्हीकडून हा प्रश्न आणि उजेड-वारा फक्त पुढून मागून. कोपऱ्याचं मिळत असेल तर थोडे जास्त देऊन ते घे, नाहीतर मधलं घेऊ नको असं माझं स्पष्ट मत आहे.

---

अमळनेरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नानांना फोनवर वाचून दाखवलं, तलाठ्याचं ऐकून खुश झाले, सोमवारी स्वतः जाणार आहेत. कोपऱ्याचं घर विकलं गेलंय. साईटवरचे दादा, तुम्हाला एक शेवटचं, आज विचारलं तर कळलं सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दोन्ही पुढे पार्किंगच्या फरशीखाली आहेत, मागे जागाच नाही. हे चालेल का?

---

साईटवरचा

टाकी चालते, आतून बाहेरून पक्कं वॉटरप्रूफिंग असेल आणि साफ करायला झाकण उघडता येत असेल तर. शोषखड्डा तिथे नको, पुढचे कॉलम त्याला लागूनच येतात. टाकीचं पाणी पाईपने लेआउटच्या गटारीला जोडून देतो का विचार, हो म्हणाला तर एग्रीमेंटमध्ये लिहून घे. नाही म्हणाला तर महाबळला कुलरच्या खिडकीचं माप देऊन टाक, तीन बाय चार फुटाची उघडी जागा ठेवायला सांग.