राज्यशास्त्राला संख्यात्मक संशोधनाचा पेपर सक्तीचा हवा की नको?

जुळे सोलापूर: एमएला राज्यशास्त्र शिकवतो म्हणून मनापासून लिहितोय. २०१९ च्या सोलापूर लोकसभेचा विषय निघाला की वर्गात ठरलेलं वाक्य, वंचितच्या आंबेडकरांमुळं काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे पडले. परवा फळ्यावर आकडे लिहिले, जिंकलेल्या भाजपच्या महास्वामींचं शिंदेंवरचं लीड १ लाख ५८ हजार, प्रकाश आंबेडकरांची मतं १ लाख ७० हजार. पोरं म्हणली झालं की सर, सिद्ध झालं. म्हणलं थांबा, मग आंबेडकरांच्या दर शंभर मतदारांतले त्र्याण्णव तरी शिंदेंकडंच गेले असते असं धरावं लागतंय, घरी बसणारे न् दुसरीकडं जाणारे मिळून जेमतेम सात, हे कशावरून? वर्ग गप्प. एवढा साधा भागाकार बीएच्या तीन वर्षांत कुणी करून दाखवला नाही. पेपर सक्तीचाच पाहिजे, ऑप्शनला टाकला की कोण घेत नाही.

पूर्व भागातली: नाही पटत ओ सर. मी दिलाय तो पेपर. एसपीएसएस म्हणून आकडेवारीचं सॉफ्टवेअर असतंय, त्यात बटण दाबायचं, पी व्हॅल्यू नावाचा आकडा ०.०५ च्या खाली आला की सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग नसावा, असं लिहायचं, का ते कुणी सांगितलंच नाही. प्रोजेक्टला सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांकडं गेलते, प्रश्न काय तर सरकारी योजनांवर किती समाधानी, १ ते ५. बाई पत्र्याच्या मापानं पानं कापत बसलेली, नवरा दारात उभा, सगळ्या प्रश्नांना तीन तीन तीन. तो पाणी भरायला गेला न् ती तेलुगूत धडाधडा बोलायला लागली, रेशन, पीएफ, पोरीची फी. ते कुठल्या खान्यात भरायचं होतं?

जुळे सोलापूर: मॅडम, तो 'तीन' हाच तर पेपराचा खरा विषय आहे! नवरा जवळ होता का नव्हता एवढा एक रकाना फॉर्मवर घातला असता तर किती 'तीन' भीतीचे ते कळायला लागलं असतं. बटणं शिकवणं बंद करा, हे मान्य.

दक्षिण कसबा: अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं. आम्ही फॉर्म २० वरनं, म्हणजे निवडणूक निकालाच्या सरकारी तक्त्यावरनं, बूथवाईज मतं काढली न् पूर्व भागातल्या बूथवर अमक्याला लीड म्हणून तिथला तेलुगू विणकर पद्मशाली समाज त्याच्याकडं गेला असं ठोकून दिलं, गाईडनंही सही केली. बूथचा आकडा बूथचा असतोय, माणसाचा नाही, रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं हे १९५० लाच दाखवलंय. आधी शिकवणाऱ्यांना तयार करा, मग सक्तीचं बोला.

पूर्व भागातली: सक्तीला माझा अजून विरोधच आहे. पण सर, तो नवऱ्याचा रकाना पटला. पोरांना घेऊन कुंभारीला या, तेलुगूत विचारायचं काम माझ्याकडं.