लायसोझाइमची रेघ सरळ येत नाही, मायक्रोकॉकसच्या पावडरीबद्दल मदत हवी

बायोकेम_कोल्हापूर

नमस्कार. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू आहे. गावरान अंडं आणि पोल्ट्रीचं अंडं, दोन्हींच्या पांढऱ्या भागात जंतूंची पेशीभित्तिका फोडणाऱ्या लायसोझाइम एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी किती, एवढंच बघायचंय. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) म्हणून मायक्रोकॉकस जंतूच्या फ्रीज-ड्राय केलेल्या पेशींची बाटली मागवली. १०० मिलि पीबीएसमध्ये (मीठ घातलेला फॉस्फेट बफर) १५ मिग्रॅ पावडर घातली की ४५० नॅनोमीटरला गढूळपणा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स ०.६५ च्या आसपास येतो. अंड्याचा पांढरा ५० पट पातळ करून त्यातला ०.१ मिलि, २.५ मिलि सस्पेन्शनमध्ये घालते. पहिल्याच मिनिटात रीडिंग धाडकन खाली येतं, मग आलेखाची रेघ वाकते आणि आडवी होते. नुसता बफर घातलेला ब्लँकसुद्धा पाच मिनिटांत ०.०४ ने उतरतो. सकाळचे आणि दुपारचे आकडे एकाच अंड्याचे असून जुळत नाहीत. बाटली महाग आहे आणि अर्धी संपलीय. पेशीच खराब आल्यात का? डिपार्टमेंटला फ्रीज ड्रायर आहे, आपणच वाढवून वाळवल्या तर चालेल?

खाडीकाठ

पेशी खराब नसाव्यात. मी पीएचडीची चार वर्षं याच पावडरीवर रोहू माशाच्या सीरममधलं लायसोझाइम मोजलंय, त्यामुळे तुमची चिडचिड पोचली.

आधी पातळ करण्याचं बघा, खरी गडबड तिथे आहे. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात साधारण १० टक्के प्रोटीन असतं आणि त्यातलं सुमारे ३.५ टक्के लायसोझाइम. म्हणजे मिलिलिटरला ३.५ मिग्रॅ. मिग्रॅला ४०,००० युनिट धरले तर १,४०,००० युनिट होतात. तुम्ही ५० पट पातळ केलं तरी मिलिलिटरला २,८०० उरले, आणि क्युवेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या छोट्या नळीत) गेले २८० युनिट. एक युनिट म्हणजे मिनिटाला ०.००१ ची घट. म्हणजे मिनिटाला ०.२८ उतरणार! ०.६५ मधून एवढं गेल्यावर फोडायला पेशी राहतात किती? रेघ वाकणारच. एन्झाइमचं द्रावण मिलिलिटरला २०० ते ४०० युनिटांत आणा, म्हणजे ५०० पट पातळ करा. दोन टप्प्यांत करा, पांढरा घट्ट असतो आणि पिपेटला चिकटून बसतो. आधी त्याचे धागे हलक्या हाताने मोडून घ्या. फेस येऊ देऊ नका.

दुसरं म्हणजे पीबीएस सोडा. ही पद्धत ६६ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.२४, २५ अंश सेल्सिअस यावर बसवलेली आहे. लायसोझाइमवर भरपूर धन भार असतो, पेशीभित्तिकेवर ऋण. त्या ओढीनेच एन्झाइम पेशीवर जाऊन बसतं. पीबीएसमधलं मीठ मध्ये आलं की ती ओढ ढिली पडते. शिवाय पीएच ७.४. अशा बफरमधले युनिट विकतच्या लायसोझाइमच्या बाटलीवरच्या युनिटांशी ताडून बघता येणार नाहीत.

ब्लँक उतरतो कारण पेशी तळाशी बसतात. साखरेसारखा विरघळलेला सब्स्ट्रेट नाही हा, तरंगणारे कण आहेत, आणि आपण मोजतो तो त्यांचा गढूळपणा. दर रीडिंगच्या आधी क्युवेटचं तोंड पॅराफिल्मने बंद करून दोनदा उलटीपालटी करा. सस्पेन्शन रोज ताजं करा, अर्धा तास हलवत ठेवा, गुठळी दिसली तर वापरू नका. ब्लँकची उरलेली घट नमुन्यातून वजा करा.

सकाळ-दुपारचा फरक बहुतेक तापमानाचा असेल. मार्चमध्ये दुपारी लॅब ३४ अंशांवर जाते. क्युवेटला पाण्याचं जॅकेट नसेल तर सस्पेन्शन २५ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवा आणि सगळी रीडिंग एकाच वेळी घ्या. पातळ एन्झाइम मात्र बर्फात, आणि प्लास्टिकच्या नळीत ठेवा. इतक्या कमी प्रमाणात ते काचेला चिकटून हरवतं. क्युवेटही प्लास्टिकचाच चालतो, ४५० ला क्वार्ट्झ लागत नाही.

माझे तीन आठवडे गेले ते बाटलीपायी. जुलै महिना, रत्नागिरीचा पाऊस, आणि मी उणे २० मधून बाटली काढून तशीच उघडायची. गार पावडरीवर हवेतलं दव बसलं. वजन खोटं यायला लागलं, सस्पेन्शनमध्ये गोळे. मी एन्झाइम बदलून बघितलं, बफर बदलला, दिवा बदलून घेतला. बाटलीकडे लक्षच गेलं नाही. झाकण न उघडता ती बाहेर आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. लगेच छोट्या नळ्यांत वाटून सिलिका जेलसकट परत ठेवा. कोल्हापूरचा पाऊसही काही कमी नाही.

जुनी_लॅब

वरच्या मॅडमचं सगळं पटतं, थोडी भर घालतो. हाच जंतू का, हे विद्यार्थी विचारत नाहीत. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली लायसोझाइम जगापुढे मांडलं. सर्दी झालेल्या नाकातल्या शेंबडाजवळ ज्या पिवळ्या जंतूच्या वसाहती विरघळल्या, तोच हा. त्याचं जुनं नाव मायक्रोकॉकस लायसोडिक्टिकस. लायसोडिक्टिकस म्हणजे 'विरघळणं दाखवणारा'. आता त्याला मायक्रोकॉकस ल्युटिअस म्हणतात. त्याची भित्तिका एन्झाइमला सहज सापडते. ई. कोलायवर बाहेरचा पडदा असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या भित्तिकेवर अ‍ॅसिटिल गट असतात. त्या दोघांवर ही रेघ मिळणार नाही.

स्वतः वाळवलेल्या पेशी चालतील. पुण्यात एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडे चौकशी करा. ब्रॉथमध्ये वाढवा, नीट धुवा, मग फ्रीज ड्रायर. पण एकदाच भरपूर करा, सगळा प्रोजेक्ट त्याच लॉटवर. प्रत्येक लॉट वेगळा फुटतो, म्हणून विकतचं शुद्ध लायसोझाइम रोज सोबत चालवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरही मध्येच बदलू नका. गढूळपणाचा आकडा यंत्रागणिक वेगळा येतो.

बायोकेम_कोल्हापूर

ताई, सर, मनापासून आभार. बफर नव्याने केला, पांढरा ५०० पट पातळ केला, दर रीडिंगला क्युवेट उलटवला. मिनिटाला ०.०२९, ०.०२८, ०.०३०. ब्लँक ०.००१. रेघ चार मिनिटं सरळ! म्हणजे पोल्ट्रीच्या अंड्यात मिलिलिटरला १,४०,००० युनिट, ताईंनी मांडलेला आकडाच.

एक अडचण नव्याने लक्षात आली. पोल्ट्रीचं अंडं किती दिवसांचं आहे ते दुकानदाराला सांगता येत नाही, गावरान मात्र त्याच दिवशीचं मिळतं. अशी तुलना करणं बरोबर नाही ना?

खाडीकाठ

नाही. पोल्ट्रीवर स्वतः जा, त्याच दिवशीची अंडी घ्या, पेन्सिलीने तारीख घाला. दोन्हीकडची किमान सहा-सहा.